लाल वाइनचा ‘स्वभाव’ मोजायचा कसा? शिराझ, कॅबर्ने आणि संशोधनाचा प्रश्न

‘दक्षिण फ्रान्समधल्या ड्राय रेड ब्लेंडचा स्वभाव उबदार, मसालेदार आणि भरदार असतो.’ वाइनवरच्या कुठल्याही पुस्तकात अशा धाटणीचं एखादं वाक्य सापडतंच. वाचायला छान वाटतं. आता समजा, पीएच.डी.च्या मुलाखतीत तुम्ही विषय मांडलात: ‘नाशिकच्या रेड ब्लेंडच्या स्वभावाचा अभ्यास’. समोरून पहिलाच प्रश्न येईल, ‘स्वभाव म्हणजे नक्की काय मोजणार?’ बहुतेकांची गाडी इथेच अडते.

ठाण्याच्या बांदोडकर कॉलेजात, कल्याणच्या बिर्ला कॉलेजात किंवा आसपास कुठेही एम.एस्सी. करत असाल, पेट-नेटची तयारी चालू असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. वाइन आवडायला हवी असं अजिबात नाही. मी हे उदाहरण निवडलं कारण त्यात रसायनशास्त्र आहे, वनस्पतिशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे, माणसाचं नाक-जीभ आहे, आणि कसारा घाट ओलांडला की लगेच इगतपुरी तालुक्यात द्राक्षमळे आणि वायनरी सुरू होतात. म्हणजे विषय फ्रान्सचा वाटला तरी नमुने आपल्याच लाइनवर आहेत.

आधी शब्द फोडू या

‘ड्राय रेड ब्लेंड’ या तीन शब्दांपैकी प्रत्येक शब्द काहीतरी मोजण्याजोगं सांगतो. फक्त तो काय सांगतो हे नीट बघायला हवं.

ड्राय म्हणजे साखर न उरलेली. द्राक्षरसातली साखर यीस्टने जवळजवळ सगळी खाऊन तिचं अल्कोहोल केलं की वाइन ड्राय झाली. युरोपच्या नियमात साधारण मर्यादा लिटरला 4 ग्रॅमची आहे (आम्लता पुरेशी असेल तर थोडी जास्त चालते). म्हणजे लिटरभर वाइनमध्ये जेमतेम चमचाभर साखर. आता गंमत बघा. ड्रायला आपण ‘कोरडी’ म्हटलं की वाचणाऱ्याला तोंड कोरडं पडणं आठवतं. पण तोंड कोरडं पडतं ते साखर नसल्यामुळे नाही, टॅनिनमुळे. दोन वेगळ्या गोष्टी, एकच शब्द. एखाद्या प्रश्नावलीत तुम्ही ‘वाइन किती कोरडी वाटली?’ असं विचारलंत, तर निम्मे लोक साखरेचं उत्तर देतील आणि निम्मे टॅनिनचं. त्या आकड्यांची सरासरी काढलीत तरी तिला अर्थ नसेल.

टॅनिनसाठी मराठीत नेमका शब्द तयार आहे: तुरट. आवळा, कच्चं केळं, सुपारी खाल्ल्यावर जिभेवर जे आवळल्यासारखं होतं ते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. हा अनुभव बराचसा स्पर्शाचा आहे. कडूपणा वेगळा, तो कारल्याचा. चव ओळखणाऱ्या पॅनेलला प्रशिक्षण देताना तुरटपणाचा नमुना म्हणून चक्क तुरटीचं पातळ द्रावण चाखायला देतात. म्हणजे आपल्या भाषेने ज्या वस्तूला चवीचं नाव दिलं, तीच वस्तू प्रयोगशाळेत प्रमाण म्हणून वापरतात.

रेड म्हणजे सालीसकट आंबवलेली. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरटच असतो. लाल रंग देणारी अँथोसायनिन आणि बरंचसं टॅनिन सालीत असतं, म्हणून साल रसात किती दिवस राहिली यावर रंग आणि तुरटपणा ठरतो.

ब्लेंड म्हणजे मिश्रण. आपला खरा प्रश्न या शब्दात दडलाय.

मिश्रण करतातच का?

दक्षिण फ्रान्समध्ये, म्हणजे ऱ्होन नदीचं खालचं खोरं, लाँगदोक आणि प्रोव्हाँस या भागात, लाल वाइन सहसा एकाच जातीची नसते. शातोनफ-द्यु-पापसाठी तर परंपरेने तेरा जाती मोजतात. 1923 मध्ये तिथल्या उत्पादकांनी बारों ल रॉय यांच्या पुढाकाराने स्वतःवर नियम घालून घेतले, आणि 1936 मध्ये त्या नावाला सरकारी मान्यता मिळाली.

या भागातली नेहमीची तीन नावं म्हणजे ग्रेनाश, सिराह आणि मूर्वेद्र. ग्रेनाशला उन्हात भरपूर साखर चढते, त्यामुळे अल्कोहोल जास्त, पण रंग फिका. सिराह (आपल्याकडे बाटलीवर हिलाच ‘शिराझ’ म्हणतात) गडद रंग आणि मिरीसारखा वास देते. मूर्वेद्र उशिरा पिकते, तिला उष्णता लागते, आणि ती टॅनिनचा कणा देते. जोडीला कारिन्यान आंबटपणासाठी, सँसो हलकेपणासाठी.

चवीचं कारण खरं, पण शेतकऱ्याचं कारण त्याहून जुनं असावं. जाती वेगवेगळ्या वेळी फुलतात आणि पिकतात. एका आठवड्याच्या पावसाने किंवा थंडीने एका जातीचं नुकसान झालं तरी दुसरी वाचते. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकणारा आपला शेतकरी हाच हिशेब करतो. म्हणून ‘या मिश्रणाचा स्वभाव असाच का?’ या प्रश्नाचं एक उत्तर चवीत असतं, आणि दुसरं जोखमीत. संशोधन करताना दोन्ही उत्तरं एकाच धड्यात कोंबू नका. त्यांची साधनं वेगळी, आकडेवारी वेगळी.

एक तिसरं कारणही आहे: नियम. प्रोव्हाँसमधल्या दोमेन द त्रेव्हालों या मळ्यात कॅबर्ने सोव्हिन्यों आणि सिराह यांची जोडी करतात. 1990 च्या दशकात त्या भागाच्या नियमांत कॅबर्नेचा वाटा मर्यादित झाला आणि त्रेव्हालोंची नावाजलेली वाइन अधिकृत भौगोलिक नावाच्या बाहेर गेली. वाइन तीच, जमीन तीच, लेबल बदललं. म्हणजे ज्याला आपण ‘त्या प्रदेशाचा स्वभाव’ म्हणतो, त्यातला काही भाग समितीच्या बैठकीत ठरलेला असतो. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. उलट, तुमच्या चलांच्या यादीत आणखी एक चल वाढलं.

घाट चढून नाशिकला

त्रेव्हालोंची ती जोडी लक्षात ठेवा, कारण महाराष्ट्रातल्या लाल मिश्र वाइनमध्येही शिराझ-कॅबर्ने ही जोडी खूप दिसते. ‘सुला’ची पहिली वाइन 2000 साली आली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आणि पुढच्या काही वर्षांत नाशिक-सांगली पट्ट्यात वायनरी वाढल्या. द्राक्षावरच्या संशोधनासाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून आहे.

जाती फ्रान्सच्या, पण वेलीचं वर्ष मात्र उलटं. आव्हिन्यों साधारण 44 अंश उत्तरेला, नाशिक 20 अंशांवर. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवस लहान आणि रात्री गार होत असताना काढणी होते. आपल्याकडे वेल कधी खऱ्या अर्थाने झोपत नाही. म्हणून दोन छाटण्या आणि एकच पीक: एप्रिलची खरड छाटणी काड्या तयार करायला आणि पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आसपास, फळछाटणी घडांसाठी. काढणी साधारण जानेवारी ते मार्च.

याचा परिणाम काय? डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याची बातमी तुम्ही दरवर्षी वाचता. त्या थंडीत घड वाढत असतात. पण जी जात उशिरा पिकते ती फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात पिकते. म्हणजे फ्रान्समध्ये पिकण्याचा शेवटचा टप्पा थंडीकडे जातो आणि आपल्याकडे उन्हाळ्याकडे. उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल श्वसनात लवकर खर्च होतं, साखर वाढत राहते, पीएच चढतो. पीएच चढला की अँथोसायनिनचा लाल रंग मंदावून जांभळट-निळसर छटेकडे सरकतो. जांभळाच्या रसात खायचा सोडा टाकून बघा, हीच गोष्ट दोन सेकंदांत दिसेल.

ही चर्चा नुसती हौसेची नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपला 1999 चा कायदा सांगतो की मालाचा दर्जा, लौकिक किंवा अन्य गुणधर्म मुख्यतः त्या प्रदेशामुळे आलेला असायला हवा. म्हणजे ‘स्वभाव’ हा शब्द इथे कायद्याच्या वजनाने येतो. आणि शेतकऱ्यासाठी तर पैशाच्या वजनाने. वाइनची द्राक्षं लहान, बियांची, जाड सालीची. वायनरीने घेतली नाहीत तर बाजारात खायची द्राक्षं म्हणून ती खपत नाहीत. 2008 नंतरच्या मंदीत मागणी पडली तेव्हा अनेकांनी वाइनच्या जातीचे वेल उपटून टाकले. कुठली जात लावायची हा निर्णय पुढच्या कित्येक वर्षांचा असतो. तो ‘मसालेदार, भरदार’ या विशेषणांवर घ्यायचा की पुराव्यावर, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

एका विशेषणाचा रेणू होतो तेव्हा

‘मसालेदार’ हे विशेषण घेऊ. शिराझला काळ्या मिरीचा वास येतो असं लोक कित्येक वर्षं म्हणत होते. नुसतं कवित्व असेल असंही कुणी म्हणू शकलं असतं. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचा रेणू प्रसिद्ध केला: रोटंडोन. हा खऱ्या मिरीतही आहे. रेड वाइनमध्ये तो लिटरला सुमारे 16 नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग.

नावाची गोष्ट आपल्या घरातली आहे. रोटंडोन हे नाव सायपेरस रोटंडस या वनस्पतीवरून आलं, कारण तो आधी तिच्यात सापडला होता. सायपेरस रोटंडस म्हणजे नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात असतो तोच.

आता मुख्य मुद्दा. त्याच अभ्यासात दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. पाण्यात लिटरला 4000 नॅनोग्रॅम घातलं तरी नाही. विचार करा, तुमच्या पॅनेलमध्ये दहा जण आहेत. त्यातले दोन या वासाला ‘आंधळे’ असण्याची बरीच शक्यता. त्यांनी ‘मसालेदारपणा’ला 1 गुण दिला, बाकीच्यांनी 7 दिला, आणि तुम्ही सरासरी 5.8 लिहिलीत. हा 5.8 कुणाचाच अनुभव नाही.

म्हणून सरासरी काढण्याआधी गुणांचं वितरण बघायची सवय लावा. दोन शिखरं दिसली तर तिथे दोन गट आहेत. त्यांना वेगळं करा आणि प्रबंधात तसं लिहा.

शिवाय रोटंडोन थंड हंगामात आणि सावलीतल्या घडांत जास्त बनतं असं ऑस्ट्रेलियातल्या मळ्यांत दिसलंय. मग नाशिकमध्ये फळछाटणीची तारीख तीन आठवडे मागे-पुढे केली तर शिराझमधलं रोटंडोन बदलेल का? बघा, ‘स्वभावाचा अभ्यास’ पासून आपण एका अशा प्रश्नावर आलो, ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येऊ शकतं.

बेरीज कुठे चुकते

आता मिश्रणाकडे. समजा तुम्ही शिराझ आणि कॅबर्नेचे दोन तयार नमुने घेतले आणि मोजपात्रात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळले. पॅनेलने तुरटपणाला 0 ते 10 गुण दिले. (पुढचे आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत.) नुसती शिराझ 4, नुसती कॅबर्ने 7. अर्धं-अर्धं मिसळल्यावर किती यायला हवं? साधी सरासरी 5.5. पॅनेलने दिले 6.3.

हा 0.8 चा फरक म्हणजे मिश्रणाने स्वतःहून घातलेली भर. घटकांच्या गुणांतून जे आधीच सांगता येतं त्याला वेगळं ‘स्वभाव’ म्हणायची गरज नाही. जे सांगता येत नाही तेच मिश्रणाचं स्वतःचं.

हे मोजायची पद्धत तयार आहे. हेन्री शेफे यांनी 1958 मध्ये मिश्रणांच्या प्रयोगांसाठी एक मांडणी दिली. मिश्रणात घटकांची बेरीज नेहमी 1 असते. शिराझ वाढवली की कॅबर्ने आपोआप घटते, म्हणून नेहमीचं रिग्रेशन जसंच्या तसं चालत नाही. दोन घटकांसाठी शेफेचं सूत्र शब्दांत असं: अपेक्षित गुण = (शिराझचा गुण × तिचा वाटा) + (कॅबर्नेचा गुण × तिचा वाटा) + (परस्परक्रियेचा गुणांक × दोन्ही वाट्यांचा गुणाकार).

आपल्या उदाहरणात वाट्यांचा गुणाकार 0.5 × 0.5 = 0.25. भर 0.8. म्हणून गुणांक 0.8 ÷ 0.25 = 3.2. आता खरी परीक्षा. 75 टक्के शिराझ आणि 25 टक्के कॅबर्ने घेतली तर सूत्र काय सांगतं? 3 + 1.75 + (3.2 × 0.1875) = 5.35. हे भाकीत आधी वहीत लिहा, मग नमुना पॅनेलपुढे ठेवा. 5.35 च्या जवळ आलं तर मॉडेलवर थोडा विश्वास ठेवा. 4.8 आलं तर मॉडेल चुकलं, आणि हेही निष्पन्नच आहे.

रसायनातही अशी ‘बेरीज चुकणारी’ जागा आहे. रंगाचंच बघा. बीअर-लँबर्ट नियम तुम्हाला बी.एस्सी.पासून पाठ आहे: संहती निम्मी तर शोषण निम्मं. पण ताजी रेड वाइन, पीएच आणि अल्कोहोल तेच ठेवून, पातळ केली तर रंग त्याहून जास्त उतरतो. कारण अँथोसायनिनचे रेणू इतर रंगहीन फिनॉलिक रेणूंना चिकटून, एकावर एक रचल्यासारखे राहतात आणि रंग गडद करतात. याला को-पिगमेंटेशन म्हणतात. पातळ केलं की ही रचना सुटते. ताज्या रेड वाइनच्या रंगातला 30 ते 50 टक्के भाग यातून येऊ शकतो असं रॉजर बोल्टन यांनी 2001 च्या आढाव्यात मांडलं. म्हणजे एका जातीत रंगद्रव्य आहे आणि दुसरीत त्याला धरून ठेवणारा जोडीदार, अशी जोडी जमली तर मिश्रणाचा रंग सरासरीच्या वर जाऊ शकतो. जातो का, हे मात्र तुमच्या नमुन्यांत तुम्हाला मोजावं लागेल. 520 नॅनोमीटरवर शोषण मोजायला कॉलेजचा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो.

जीभ नावाचं उपकरण

वरच्या उदाहरणात 0.8 चा फरक सहज मान्य केला आपण. पण तेच पॅनेल तोच नमुना दुसऱ्यांदा चाखून 0.8 ने वेगळे गुण देत असेल तर? मग ती भर हवेतच गेली. स्पेक्ट्रोफोटोमीटरचं कॅलिब्रेशन केल्याशिवाय तुम्ही रीडिंग घेत नाही. माणसाच्या जिभेचंही करा.

का, ते दोन अभ्यासांवरून कळेल. 2001 मध्ये बोर्दो विद्यापीठात 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि तीच पांढरी वाइन द्राक्षाच्याच वासहीन रंगाने लाल करून दिली. लाल केलेल्या ग्लासचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. हे वाइनचंच शिक्षण घेणारे विद्यार्थी होते. डोळ्यांनी नाकाला सांगितलं काय वास घ्यायचा ते. म्हणून वासाचा अभ्यास करताना काळे ग्लास किंवा लाल उजेड वापरतात.

दुसरा अभ्यास रॉबर्ट हॉजसन यांचा, 2008 चा. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीनदा दिली. स्वतःचाच निकाल एकाच पदकाच्या पट्ट्यात पुन्हा देऊ शकणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के होते.

यातून ‘चाखणं म्हणजे थोतांड’ असा निष्कर्ष काढू नका. निष्कर्ष एवढाच की पॅनेलमध्ये लपवलेले दुहेरी नमुने हवेतच. जो माणूस स्वतःशी जुळत नाही त्याच्या गुणांवर निष्कर्ष उभा करता येत नाही.

सुरुवात सोप्या चाचणीने करा: त्रिकोण चाचणी. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. 24 जण असतील तर अंदाजाने सरासरी 8 बरोबर येतील. 5 टक्के पातळीवर ‘फरक खरा आहे’ म्हणायला किमान 13 बरोबर हवेत. ते आले नाहीत तर पुढे ‘भरदार’, ‘उबदार’ असे गुण मागण्यात अर्थ नाही. ज्यांना फरकच कळला नाही ते त्याचं वर्णन काय करणार?

आणि वर्णनाचे शब्द इथलेच वापरा. दक्षिण फ्रान्सच्या वाइनबद्दल ‘गारिग’ हा शब्द येतो, म्हणजे तिथल्या माळरानावरच्या थाइम-रोझमेरीच्या झुडपांचा वास. डोंबिवलीच्या पॅनेलने तो कधी घेतलेलाच नसेल तर ते फॉर्मवर खूण करतील, पण कशावर करतायत ते त्यांनाही माहीत नसेल. करवंद, जांभूळ, मिरी, ओली माती, करपट, आंबूस हे शब्द घ्या आणि प्रत्येक शब्दासोबत वास घ्यायला खरा नमुना ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी मुलाखतीत नक्की विचारतात. पॅनेलमध्ये अल्कोहोल आहे, म्हणजे नैतिकता समितीची मंजुरी, वयाचा आणि परवान्याचा कायदा, लेखी संमती, आणि चाखून थुंकायची सोय. आपल्याच विभागातल्या ज्युनिअरना ‘ये रे, बस पॅनेलला’ म्हणून ओढू नका. सीनिअरला किंवा सरांना नाही म्हणणं त्यांना जड जातं, आणि मग ती संमती खरी राहत नाही.

तुलना फसते कुठे

सगळ्यात मोहाचा विषय: ‘फ्रेंच आणि नाशिकच्या रेड ब्लेंडची तुलना’. दुकानातून दोन बाटल्या आणल्या, तपासल्या, फरक सापडला. पण फरक कशाचा? माती, हवामान, खुंट, वेलीचं वय, छाटणी, यीस्ट, लाकडी पिंप, वर्ष, वाइनमेकर, वाहतुकीतली उष्णता, सगळंच वेगळं आहे. आपल्याकडे वेली बहुतेक डॉगरीजसारख्या खुंटावर कलम केलेल्या असतात, तिकडे खुंट वेगळे. एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या तर दहापैकी कुणालाही श्रेय देता येतं, आणि म्हणून कुणालाच देता येत नाही.

दुसरी फसगत: एकाच टाकीतल्या तीन बाटल्या म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. त्या एकाच आंबवणीची तीन मापं आहेत. खऱ्या पुनरावृत्तीसाठी तीन वेगळ्या टाक्या किंवा वीस-वीस लिटरच्या तीन छोट्या आंबवण्या हव्यात. परीक्षक इथे नेमकं बोट ठेवतात, आणि तोपर्यंत द्राक्षाचा हंगाम गेलेला असतो. हंगाम वर्षातून एकदाच. चुकलं तर वर्ष गेलं, आणि फेलोशिप कुणासाठी थांबत नाही.

तिसरी: तयार वाइन मिसळणं आणि द्राक्षं एकत्र आंबवणं हे दोन वेगळे प्रयोग आहेत. कुठला करताय ते शीर्षकातच लिहा.

मग प्रश्न लिहायचा कसा?

माझ्या मते संशोधनाचा प्रश्न पाच रिकाम्या जागा भरल्या की तयार होतो: काय बदलणार, काय स्थिर ठेवणार, काय मोजणार, कशाने मोजणार, आणि कुठलं उत्तर आलं तर ‘माझं चुकलं’ म्हणणार. शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक प्रस्तावांत तीच रिकामी असते.

आपल्या विषयावर भरून बघू: ‘एकाच मळ्यातल्या, एकाच हंगामातल्या, तीन-तीन स्वतंत्र आंबवण्यांतल्या शिराझ आणि कॅबर्ने वाइन पाच प्रमाणांत मिसळल्यावर, 520 नॅनोमीटरवरचं शोषण आणि प्रशिक्षित पॅनेलने दिलेला तुरटपणा घटकांच्या सरासरीपेक्षा वेगळा येतो का? हा फरक पुनरावृत्तीतल्या चुकीपेक्षा मोठा नसेल तर या दोन गुणांत मिश्रणाची स्वतंत्र भर दिसली नाही असं मानू.’ लांबलचक आहे, मान्य. पण याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी प्रबंध उभा राहतो. ‘स्वभावाचा अभ्यास’ला मात्र ‘नाही’ हे उत्तरच नाही.

वाइन मिळवायच्या आधी घरी सराव करता येईल. किराणा दुकानातून दोन प्रकारचा चहा आणा, बारीक डस्ट आणि मोठी पत्ती. दुकानदार तुम्हाला ‘मिक्स’ देतो तेव्हा हाच प्रयोग करत असतो, फक्त वही ठेवत नाही. 100:0, 75:25, 50:50, 25:75, 0:100 असे पाच नमुने वजन करून घ्या. पाणी, तापमान, वेळ तेच. दूध-साखर नको. कपांना तीन आकडी सांकेतिक क्रमांक द्या, एक नमुना गुपचूप दोनदा ठेवा. घरातल्या सहा जणांना तुरटपणाला 0 ते 10 गुण द्यायला सांगा. आधी टोकाच्या दोन नमुन्यांचे आणि 50:50 चे गुण उघडा, त्यावरून गुणांक काढा, 75:25 चं भाकीत लिहा, आणि मगच त्याचे गुण बघा.

दोन तास लागतील. बहुधा दुहेरी नमुन्याचे गुणच एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि भर खरी की गोंधळ खरा हे ठरवता येणार नाही. मग किती माणसं आणि किती पुनरावृत्ती घेतल्या तर ते ठरवता येईल, याचं गणित मांडा. ते गणित घेऊन मुलाखतीला गेलात तर ‘स्वभाव म्हणजे नक्की काय मोजणार?’ या प्रश्नावर तुमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.